एक फांदी त्यांच्यासाठीं

पंचमहायज्ञ हा शब्द आपल्या घरांतून अजून नाहींसा झालेला नाहीं. त्याचा अर्थ मात्र पातळ होत चालला आहे. ब्रह्मयज्ञ शाळा-महाविद्यालयांकडे गेला. देवपूजा आणि श्राद्धपक्ष घरोघर यथाशक्ति चालतात. अतिथीला आग्रह करून वाढण्याची हौसही टिकून आहे. पांचवा जो भूतयज्ञ, म्हणजे मनुष्येतर जीवांचा वांटा आपल्या अन्नांतून आधीं काढून ठेवणें, त्याची गत काय आहे? गोग्रास, काकबळी, मुंग्यांसाठीं अंगणांत टाकलेलें चिमूटभर पीठ, हीं त्याचींच रूपें होतीं. वाडे पडले, अंगणें गेलीं, आणि हा यज्ञ बिनबोभाट बंद पडला.

या महिन्यांत जो विषय वाचकांपुढें ठेवावयाचा आहे, तो याच बंद पडलेल्या यज्ञाशीं निगडित आहे. अलीकडे गांवोगांव फुलपाखरांची नोंद ठेवणारीं आणि त्यांना जपणारीं लहान लहान मंडळें निघत आहेत. आमच्या छत्रपति संभाजीनगरांतही अशी हौशी माणसें आहेत. त्यांत महाविद्यालयांतील मुलें आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि दोनतीन आज्याही आहेत. रविवारीं सकाळीं ही मंडळी विद्यापीठामागच्या लेण्यांच्या टेकडीकडे किंवा हिमायतबागेकडे निघाली, कीं शेजारीपाजारी विचारतात, “काय हो, फुलपाखरें मोजून कोणाचें पोट भरणार?” प्रश्न रास्त आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करूं.

ज्याला नांव नाहीं, त्याची काळजी कोणी करीत नाहीं. अमरकोशांत पतंग आणि शलभ हे दोन शब्द समानार्थी म्हणून दिले आहेत. आणि पुढें काव्यांत पतंग आला तो बहुधा दिव्यावर जळून जाण्यासाठींच. मराठीनें ‘फुलपाखरूं’ हा गोड शब्द घडविला खरा. परंतु आंब्याच्या जाती सांगतांना जी आपली जीभ थकत नाहीं, ती येथें मात्र पिवळें, पांढरें, ठिपक्याठिपक्यांचें एवढ्यावर थांबत असे. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखरास राज्यफुलपाखराचा मान दिला. असा मान देणारें महाराष्ट्र हें देशांतील पहिलें राज्य. त्याचें मराठी नांव ‘नीलवंत’. राज्याच्या जैवविविधता मंडळानें इतर फुलपाखरांनाही मराठी नांवें दिलीं. त्यांतील एक नांव आमच्या घरच्या स्त्रियांना फार आवडलें: ‘हळदीकुंकू’. वरून पांढरें दिसणारें हें फुलपाखरूं पंख मिटून बसलें, कीं खालच्या अंगाची हळद आणि कडेचे कुंकवासारखे ठिपके दिसतात. ज्यानें हें नांव शोधलें, त्यानें तें एखाद्या चैत्रगौरीच्या बैठकीसमोर बसूनच शोधलें असावें असें वाटतें.

आतां या हळदीकुंकवाची अळी कोठें वाढते तें पाहा. ती वाढते बांडगुळावर! ज्या शब्दानें आपण आयतोबा माणसाची संभावना करितों, त्या बांडगुळाचीं पानें खाल्ल्यावांचून हें मंगल नांवाचें फुलपाखरूं जन्मास येत नाहीं. बागेंतलीं सर्व बांडगुळें निपटून काढलीं, तर फुलें कितीही लावा, हळदीकुंकू त्या बागेंत जन्मणार नाहीं. या विषयाचें सारें मर्म या एका उदाहरणांत आहे.

फुलांतील मध हा मोठ्या फुलपाखराचा आहार. परंतु त्याचें बालपण अळीच्या रूपानें जातें, आणि अळीला मध चालत नाहीं. तिला पान लागतें. तेंही वाटेल तें नव्हे. एकेका जातीची अळी एका किंवा मोजक्याच वनस्पतींचीं पानें खाते. तीं न मिळाल्यास उपाशी मरते, पण दुसऱ्या पानास तोंड लावीत नाहीं. म्हणून मादी अंडें घालण्यापूर्वीं पानावर पाय आपटून त्याची चव घेते. तिच्या पायांत चव ओळखण्याची शक्ति असते. मुलीसाठीं स्थळ पाहणारा बापदेखील इतकी चौकशी करीत नसेल.

चातुर्मासांत ज्या वनस्पतींची आपण पत्री म्हणून किंवा भाजी म्हणून आठवण काढतों, त्यांतील कितीतरी या अळ्यांच्याही आहेत. बेलावर आणि लिंबावर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या लिंबाच्या फुलपाखराची अळी वाढते, कढीलिंबावर ‘बहुरूपी’ची. मारुतीच्या माळेसाठीं शनिवारीं जी रुई आणतात, तिच्यावर नारिंगी रंगाच्या, काळ्या-पांढऱ्या कडेच्या एका फुलपाखराचा संसार असतो. रुईच्या चिकांतील विष अळी आपल्या अंगांत सांठविते, आणि पक्षी त्या फुलपाखराची वाट सोडून देतात. एका निराळ्या जातीची मादी हुबेहूब तोच नारिंगी वेष घेऊन, अंगांत विष नसतांही निर्भय हिंडते. तिची अळी वाढते घोळीवर, म्हणजे आपल्या घोळीच्या भाजीवर. बोरीवर पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलें एक चिमुकलें फुलपाखरूं वाढतें. कण्हेरीवर एका काळसर फुलपाखराचा कोश लटकतो, तो चांदीच्या लोलकासारखा लखलखतो. पानफुटीच्या जाड पानाच्या पोटांत शिरून एक अळी आंतला गर खाते. हिरव्या अशोकावर आणि दौलताबादेकडे प्रसिद्ध असलेल्या सीताफळावर आणखी एकाचें बिऱ्हाड असतें. आपल्या पूजेच्या तबकांत आणि स्वयंपाकघरांत येणारें पान दुसऱ्या कोणाच्या तरी घराची भिंत आहे, ही जाणीव एकदां झाली, कीं पान तोडणारा हात क्षणभर थांबतो.

हा क्षणभराचा थांबा घरांत कसा आणावा, याचें एक उदाहरण देतों. आमच्या घरीं कढीलिंबाचें एक जुनें झाड आहे. गेल्या श्रावणांत त्याच्या पानांवर अळ्या दिसल्या. लहान असतांना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून शत्रूच्या नजरेंतून सुटतात. मोठ्या झाल्यावर पानासारख्या हिरव्या होतात, आणि डिवचल्यास डोक्यामागून दोन लाल शिंगें काढून उग्र वास सोडतात. सूनबाई म्हणाल्या, “फोडणीला पान घ्यायचें तर आधीं शोधाशोध करावी लागते.” सौभाग्यवतींनीं औषध फवारण्यास सांगितलें. नातू रडकुंडीस आला, कारण त्यानें अळ्यांना नांवें ठेवलीं होतीं. शेवटीं सौभाग्यवतींनींच निकाल दिला: पूर्वेकडची फांदी त्यांची, बाकीचें झाड आपलें, औषध कोठेंच नको. अळी हद्द ओलांडून आली, कीं नातू तिला पानासकट उचलून तिच्या फांदीवर नेऊन ठेवी. आश्विनापर्यंत त्या फांदीवरून तीन ‘बहुरूपी’ उडालेले आम्हीं पाहिले. बाकीच्या अळ्या शिंपी, दयाळ आदि पक्ष्यांच्या पिलांच्या मुखीं गेल्या असाव्यात, आणि त्यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं, तोही वांटाच. फोडणीला पानें कमी पडलीं नाहींत. भूतयज्ञ म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

येथें एक सूचना आवश्यक आहे. लिंबावरच्या व कढीलिंबावरच्या या गुळगुळीत अळ्या निरुपद्रवी असतात. शेवग्यावर वगैरे जे केसाळ सुरवंट जमतात, ते बहुधा पतंगांचे. त्यांच्या केसांनीं अंगावर पित्त उठतें, तेव्हां मुलांनीं त्यांना हात लावूं नये.

मात्र प्रेम आणि ज्ञान यांची गांठ पडली नाहीं, तर प्रेमच घातक होतें. इंग्लंडांत ‘लार्ज ब्ल्यू’ नांवाचें एक निळें फुलपाखरूं होतें. तें दुर्मिळ होत चाललें तेव्हां लोकांनीं दोष दिला तो फुलपाखरें पकडणाऱ्या संग्राहकांना. कुरणांस कुंपणें घातलीं, गुरें-मेंढरें बाहेर काढलीं. तरी फुलपाखरें घटतच गेलीं. १९७० नंतरच्या दशकांत जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानें शेवटच्या वसतीजवळ राहून तिचा दिनक्रम टिपला, तेव्हां खरें कारण कळलें. या फुलपाखराची अळी थोडे दिवस रानटी ओव्यासारख्या एका सुगंधी झुडपावर राहते, मग जमिनीवर पडते. एका विशिष्ट जातीची तांबडी मुंगी तिला आपलें पिलूं समजून वारुळांत नेते, आणि उरलेले सुमारें दहा महिने ती तेथें मुंग्यांचींच पिलें खाऊन वाढते. ही मुंगी ऊन लागणाऱ्या, आंखूड गवताच्या जमिनींतच टिकते. गुरें हटविलीं, गवत वाढलें, जमीन थंड झाली, मुंगी गेली, आणि मुंगीबरोबर फुलपाखरूं गेलें. कारण उमगलें तोंवर वेळ टळली होती; १९७९ सालीं ब्रिटनमधून ती जात नष्ट झाली. पुढें चराई पुन्हां सुरूं करून, १९८३ पासून स्वीडनमधून अळ्या आणून ती परत वसविण्यांत आली, आणि आतां ती तेथें नांदत आहे. कुंपण घालणारे दुष्ट नव्हते. त्यांना कोण कोणाच्या आधारें जगतें एवढें माहीत नव्हतें.

हें ज्ञान मिळतें कसें? येथें स्वयंसेवकाचें खरें काम सुरूं होतें, आणि तें अगदीं साधें, किंबहुना कंटाळवाणें आहे. १९७६ पासून ब्रिटनमध्यें अर्नेस्ट पोलार्ड या शास्त्रज्ञाच्या पद्धतीनें फुलपाखरांची मोजणी चालते. एक वाट ठरवावयाची. ऋतु असेपर्यंत आठवड्यांतून एकदां, ऊन असतांना, त्याच वाटेनें सारख्या चालीनें जावयाचें. डावी-उजवीकडे अडीच अडीच मीटर आणि समोर पांच मीटर एवढ्या टापूंत जें दिसेल तेवढेंच मोजावयाचें. त्यापलीकडे कितीही सुंदर फुलपाखरूं उडालें, तरी तें वहींत येत नाहीं. एका दिवसाच्या आंकड्यास कांहीं किंमत नाहीं. वीस वर्षांच्या आंकड्यांस फार आहे. ज्यांना नेम या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, सोळा सोमवार ज्यांनीं न चुकतां केले आहेत, त्यांना हें काम निराळें शिकवावें लागत नाहीं.

अशा नेमाचें फळ केवढें असतें, याचा दाखला जर्मनींतील क्रेफेल्ड या गांवानें दिला. तेथें १९०५ सालीं हौशी कीटकनिरीक्षकांचें एक मंडळ निघालें. १९८९ पासून या मंडळानें ६३ राखीव वनभूमींत एकाच पद्धतीनें उडते कीटक धरले आणि त्यांचें वजन नोंदविलें. २०१७ सालीं त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. सत्तावीस वर्षांत उडत्या कीटकांचें एकूण वजन शेंकडा पंचाहत्तरांहून अधिक घटलें होतें, आणि तेंही राखलेल्या भूमींत! साऱ्या जगाची झोंप उडविणारा हा आंकडा हौशी माणसांच्या जुन्या वह्यांतून निघाला. परागीभवन करणारे कीटक घटले, तर फळबागांचें काय होईल, हें मराठवाड्यांतल्या माणसास समजावून सांगावयास नको. फुलपाखरें मोजून कोणाचें पोट भरणार, या प्रश्नाचें एक उत्तर येथें आहे. फुलपाखरूं हें सर्वांत सोप्या रीतीनें दिसणारें आणि ओळखतां येणारें कीटक आहे. म्हणून त्याच्या संख्येवरून इतर न दिसणाऱ्या जीवांची नाडी पाहतां येते.

भारतांतही २०२० सालीं सप्टेंबर महिना ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून फुलपाखरांच्या नोंदीस वाहिला गेला. आपल्याकडे हा मुहूर्त अगदीं योग्य. पाऊस होऊन रानांत पाला आलेला असतो, आणि भाद्रपद-आश्विनांत फुलपाखरें सर्वाधिक दिसतात. ओल्या चिखलावर नर थव्यानें बसून क्षार शोषतांना दिसतात, तेही याच दिवसांत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या भोंवतालीं पैठण, जालना हा मोसंबीचा मुलूख. लिंबावरची जी अळी आम्ही कौतुकानें पाहतों, तीच मोसंबीच्या कोंवळ्या कलमांचीं पानें फस्त करिते; आणि डाळिंबाचें फळ पोखरणारी अळीही एका फुलपाखराचीच असते. शेतकऱ्यापुढें जाऊन “अळ्यांवर दया करा” असें सांगणाऱ्या शहरी माणसास तो जें ऐकवील, तें योग्यच असेल. विचारी कार्यकर्ते असें सांगत नाहींत. रोपवाटिकेंतल्या अळ्या हातानें वेंचून बांधावरच्या बेलावर किंवा जुन्या लिंबावर सोडाव्या. मोठ्या झाडास थोडीं पानें गेल्यानें अपाय होत नाहीं. आणि सरसकट फवारणी केली तर मधमाशीही मरते, हें ते सांगतात. बागाईतदाराची मिळकत बुडवून केलेला भूतयज्ञ हा यज्ञच नव्हे. ज्याच्याजवळ देण्यासारखें आहे, त्यानें आपल्यांतलें द्यावें. आणि तें आपण शहरांतल्या माणसांनींच आधीं द्यावें हें न्यायाचें.

शहरांत काय देतां येईल? येथें आमच्या नगराचा मोठा आक्षेप उभा राहतो: ज्या शहरानें पाण्यासाठीं वर्षानुवर्षें हाल काढले, तेथें फुलपाखरांसाठीं बागा कशा करावयाच्या? परंतु गंमत अशी, कीं पाणी लागतें तें आपल्या हौसेच्या हिरवळीला, फुलपाखराला नव्हे. गृहसंकुलांच्या आवारांत विलायती गवत अंथरतात, त्यास रोज पाणी पाजतात, आणि त्या गवतावर एका अळीचेंही पोट भरत नाहीं. उलट तरवड, रुई, बोर, टाकळा या आपल्या माळरानावरच्या वनस्पति. यांना कोणी कळशीभर पाणी घातलेलें नाहीं. तरवडावर व टाकळ्यावर फिकट पोपटी-पांढरीं फुलपाखरें वाढतात. लेण्यांच्या टेकडीवर किंवा कन्नड तालुक्यांतील गौताळा औट्रमघाट अभयारण्यांत, जें १९८६ सालीं घोषित झालें, पावसाळ्यानंतर जी रंगांची लयलूट दिसते, ती या न लावलेल्या, न शिंपलेल्या झुडपांची कमाई आहे. आपण मात्र त्यांस ‘झाडझाडोरा’ म्हणतों, आणि आवार ‘स्वच्छ’ करण्याच्या भरांत तीं आधीं उपटतों. ‘पडीक’ हा शब्द वापरण्यापूर्वीं तेथें कोण राहतें याची चौकशी करावी, एवढीच या मंडळांची विनंति असते.

झाड लावलें, कीं पाहुणा येतो, याचा पुरावा ठाण्याजवळ घोडबंदर मार्गावर ओवळे येथें पाहावयास मिळतो. राजेंद्र ओवळेकर या शिक्षकानें आपल्या वडिलोपार्जित जमिनींत अळ्यांच्या खाद्यवनस्पति लावून फुलपाखरांची बाग उभी केली. फुलपाखरें बाहेरून आणून सोडलीं नाहींत. घर बांधलें, आणि रहिवासी आपणहून आले. एका शिक्षकानें हें करावें, याचा माझ्यासारख्यास विशेष अभिमान वाटतो.

एकत्र कुटुंबांत हें काम फारच सुलभ आहे, कारण त्यास लागणारीं सर्व माणसें एका छपराखालीं असतात. वनस्पतीचें नांव आजीला माहीत असतें. पानाची मागची बाजू पाहण्यास लागणारे तीक्ष्ण डोळे नातवंडांपाशीं असतात. मुलगा किंवा सून भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊं शकतात. आणि त्याच वेळीं त्याच वाटेनें दर आठवड्यास चालत जाण्यास लागणारा रिकामा वेळ आजोबांकडे असतो. वैद्यानें चालण्यास सांगितलेलेंच असतें. हातांत वही घेतली, कीं त्याच चालण्याचें शास्त्र होतें.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल, त्यांनीं इतकें करावें. गच्चींत किंवा खिडकींत लिंबू, कढीलिंब, पानफुटी यांपैकीं एखादी कुंडी ठेवावी, आणि तिच्यावर औषध मारूं नये. पत्री किंवा पालवी तोडतांना पान उलटून पाहावें. तारीख, वेळ, ठिकाण, झाड आणि काय दिसलें, अशा पांच रकान्यांची एक वही घालावी. फुलपाखरूं हातानें किंवा जाळ्यानें धरूं नये. पंखांवरची पूड गेली कीं ती परत येत नाहीं, आणि कित्येक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. लग्नकार्यांत डबींतून फुलपाखरें सोडण्याची जी नवी हौस परदेशांतून येऊं पाहत आहे, तिला आपल्या कार्यांत थारा देऊं नये. आणि गृहसंकुलाच्या सभेंत फवारणीचा ठराव आला, तर तेवढ्यापुरतें उठून उभें राहावें, व एखादा कोपरा तरी तिच्यांतून वगळावा असें सुचवावें. सभेंत एकट्यानें उभें राहणें हें टेकडी चढण्याहून कठीण असतें, हें अनेकांच्या अनुभवाचें आहे. पण स्वयंसेवा म्हणजे केवळ रविवारची सहल नव्हे.

आपल्या पूर्वजांनीं घांस आधीं बाजूस काढावयास सांगितला, उरलेला द्यावयास सांगितलें नाहीं. देण्याची ही रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. उरलें तर देऊं, असें म्हणणाऱ्याच्या घरीं कधींच कांहीं उरत नाहीं. तेव्हां येत्या चातुर्मासांत घरांतील कोणी नवा नेम धरूं इच्छीत असेल, तर त्यास हा नेम सुचवावा: झाडाची एक फांदी त्यांची. तिचीं पानें कुरतडलेलीं दिसलीं, कीं घराची शोभा कमी झाली असें समजूं नये. आपला वांटा पोंचला असें समजावें.